किशोरवयीन मुलींमध्ये गर्भनिरोधकं किती उपयोगी पडतात हे मोजताना या चुका टाळा

ठाणे जिल्ह्यात सहा महापालिका आहेत, शहापूर-मुरबाडचे पाडे आहेत, भिवंडीचे यंत्रमाग आहेत आणि ठाणे-बेलापूर रस्त्याच्या अंगाने पसरलेल्या कारखान्यांच्या वस्त्या आहेत. इथे किशोरवयीन आरोग्यावर काम करणाऱ्या संस्था, नर्सिंग आणि समाजकार्याचे विद्यार्थी, नागरी आरोग्य केंद्रांतले डॉक्टर असे सगळेच कधी ना कधी एक प्रश्न हाती घेतात. आपण दिलेल्या गोळ्या, इंजेक्शनं, निरोध यांमुळे या मुलींची नको असलेली गरोदरपणं खरोखर किती टळली? प्रश्न चांगला आहे. उत्तरं मात्र बहुतेक वेळा भलतीच गोड येतात. याला गणित क्वचितच जबाबदार असतं. ज्या मुलीला दिवस जातात ती आपल्या नोंदीतून सर्वांत आधी नाहीशी होते, आणि मागे उरलेल्यांवर आपण टक्केवारी काढतो. खाली लिहिलेल्या बहुतेक चुका या एका गळतीच्याच आहेत.

वाटपाचा आकडा उपयोगाचा म्हणून दाखवणं

छत्र्या किती घरांत वाटल्या यावरून कोण भिजलं हे कळत नाही. तरीही अहवालाच्या पहिल्या पानावर ‘इतके हजार निरोध, इतकी पाकिटं गोळ्या’ असं लिहून खाली ‘परिणाम’ असा मथळा दिलेला असतो. कुटुंब नियोजनाच्या कार्यक्रमांत ‘जोडपं-वर्षं संरक्षण’ नावाचं एक माप जगभर वापरतात. त्यात १२० निरोध, १५ पाकिटं गोळ्या किंवा तीन महिन्यांच्या इंजेक्शनचे ४ डोस म्हणजे एका जोडप्याला एक वर्ष संरक्षण, असं गृहीत धरलेलं असतं. साठा किती लागेल याचा अंदाज बांधायला हे माप ठीक आहे. पण पाकीट उघडलं का, गोळी वेळेवर घेतली का, निरोध शेवटपर्यंत वापरला का, यातलं काहीच त्यात मोजलेलं नसतं. १७ वर्षांच्या मुलीने घरच्यांच्या भीतीने पाकीट कचऱ्यात टाकलं तरी या मापात ते संरक्षणच ठरतं.

दुसरी सवय म्हणजे पुस्तकातला आकडा उचलून आपल्या मुलींना चिकटवणं. अमेरिकेतले नेहमी सांगितले जाणारे आकडे पाहा. पहिल्या वर्षात निरोध वापरणाऱ्या १०० जणींपैकी सुमारे १३ जणींना दिवस जातात, रोजच्या गोळ्यांवर सुमारे ७, तीन महिन्यांच्या इंजेक्शनवर सुमारे ४ आणि तांबीवर एकीपेक्षाही कमी. हे नेहमीच्या, म्हणजे विसरण्या-चुकण्यासकटच्या वापराचे आकडे. अचूक वापराचे आकडे निरोधाला २ आणि गोळ्यांना ०.३ इतके खाली येतात. अहवालात अचूक वापराचा आकडा छापून ‘किशोरवयीनांमध्ये ९९ टक्के परिणामकारक’ असं लिहिलेलं दिसलं, की पुढचं वाचायची इच्छाच उरत नाही.

आता ४३ देशांतल्या लोकसंख्या-आरोग्य सर्वेक्षणांवरून २०१६ साली काढलेले नेहमीच्या वापराचे मध्यांक बघा. निरोध ५.४, गोळ्या ५.५, इंजेक्शन १.७, तांबी १.४. मग गरीब देशांतली जोडपी निरोध अमेरिकेपेक्षा नीट वापरतात, असं म्हणायचं का? तसं म्हणण्याआधी हे पाहा, की अमेरिकेच्या आकड्यांत लपवलेल्या गर्भपातांची भर घालून दुरुस्ती केलेली असते आणि या सर्वेक्षणांत बाईने सांगितलं तेवढंच धरलेलं असतं. आकडा लहान दिसला की साधनाचं कौतुक करण्याआधी, काय मोजायचं राहिलं ते शोधावं. त्याच अभ्यासात २५ वर्षांखालच्या स्त्रियांमध्ये साधन निकामी ठरण्याचं प्रमाण मोठ्या वयाच्या स्त्रियांपेक्षा जास्त आढळलं होतं, हेही ध्यानात असू द्या.

आणखी एक गोंधळ इथेच मिटवून टाकू. निरोधाचं अपयश १३ टक्के म्हणजे १०० वेळच्या संबंधांत १३ वेळा गर्भ राहतो असं नाही. तो वर्षभराचा हिशेब आहे. आणि ‘८७ टक्के परिणामकारक’ हेही चूक, कारण काहीही न वापरता वर्षभरात १०० पैकी सुमारे ८५ जणींना दिवस जातात. टळलेला वाटा काढायचा तर ८५ मधून १३ वजा करून पुन्हा ८५ ने भागावं लागतं. इथे उत्तर जवळपास ८५ टक्के, म्हणजे ८७ च्या जवळच येतं, पण तो योगायोग समजा. पाळी नुकतीच सुरू झालेल्या मुलींमध्ये पहिली एक-दोन वर्षं बऱ्याच चक्रांत बीज सुटतच नाही, त्यामुळे मुळातला ८५ हा आकडाच त्यांना लागू नसतो.

‘किशोरवयीन’ म्हणजे नक्की कोण, हे न ठरवता सुरुवात करणं

जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येत किशोरवय १० ते १९ वर्षं. आपल्याकडे २०१४ पासून चालणारा राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमही हीच वयं धरतो. महाराष्ट्रात त्याची केंद्रं मैत्री क्लिनिक म्हणून ओळखली जातात. प्रत्यक्ष अभ्यासात मात्र तीन वेगळे गट एका पिशवीत भरले जातात. एक, १५ ते १९ वयाच्या लग्न झालेल्या मुली, ज्यांतल्या बऱ्याच जणींना एक मूल आहे. दोन, १८-१९ वर्षांच्या अविवाहित, कॉलेजात जाणाऱ्या किंवा कामावर जाणाऱ्या. तीन, १८ खालच्या अविवाहित. पहिल्या गटातली मुलगी बाळंतपणानंतर सासूला सांगून तांबी बसवते. तिसऱ्या गटातली मित्राने मेडिकलमधून आणलेली ७२ तासांची गोळी घेते. या दोघींची सरासरी कुणालाच लागू पडत नाही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, २०१९-२१ मध्ये, महाराष्ट्रातल्या १५ ते १९ वयाच्या ७.६ टक्के मुली आई झालेल्या किंवा गरोदर आढळल्या. २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्क्यांचं लग्न १८ च्या आत झालेलं होतं. पण त्याच सर्वेक्षणातले गर्भनिरोधनाचे मुख्य तक्ते सध्या विवाहित असलेल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांचे असतात आणि महाराष्ट्रात त्यातला मोठा हिस्सा स्त्रीनसबंदीचा असतो. तो तक्ता समोर ठेवून नेरूळच्या कॉलेजातल्या मुलींबद्दल निष्कर्ष काढणाऱ्याला काय म्हणावं?

वयाची नोंदही नीट बघा. १८ खालच्या मुलीचं लग्न किंवा गरोदरपण पुढे आलं तर पोलिसांपर्यंत जाईल, हे घरच्यांना पक्कं ठाऊक असतं. मग कागदावर ‘१८ पूर्ण’ लिहिलं जातं. तुमच्या यादीत १७ च्या मुली जवळपास नाहीत आणि १८-१९ च्या मात्र ढिगाने आहेत, असं दिसलं तर वय विचारू नका. पाळी कधी सुरू झाली, दहावीला कोणत्या वर्षी बसली किंवा शाळा कितवीत सुटली, लग्न कुठल्या सणाच्या आसपास झालं हे विचारा आणि मागे मोजा.

इथे कायदा मध्ये येतो, आणि त्याच्याकडे डोळेझाक करून अभ्यास सुरू करणं ही या यादीतली सर्वांत महागात पडणारी चूक. २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे १८ खालच्या मुलीशी संबंध हा गुन्हाच, तिची संमती असो वा नसो. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने १८ खालच्या पत्नीशी संबंधही बलात्कारच ठरवला. आणि कलम १९ प्रमाणे अशी माहिती कळलेल्या कुणालाही ती कळवणं बंधनकारक आहे. म्हणजे १६ वर्षांच्या मुलीला ‘शेवटचा संबंध कधी आला’ हे विचारून तुम्ही तिला आणि स्वतःला कुठल्या परिस्थितीत नेता, याचा विचार प्रश्नावली छापण्याआधी करायचा. २०२२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने गर्भपात करणाऱ्या डॉक्टरांना सवलत दिली, की अल्पवयीन मुलीने आणि तिच्या पालकांनी विनंती केल्यास पोलिसांना कळवताना तिची ओळख उघड करायची गरज नाही. ती सवलत डॉक्टरांना, त्या कामापुरती. सर्वेक्षकाला तिचा आधार घेता येत नाही.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत १२ ते १८ वयाच्या मुलांची लेखी अनुमती आणि त्यासोबत पालकांची संमती लागते. यातून आकड्यांवरही परिणाम होतो. ज्या घरात आई-वडील अशा अभ्यासाला सही देतात, त्या घरातली मुलगी बोलू शकणारी असते. जिला घरात तोंड उघडायची सोय नाही, ती तुमच्या नमुन्यात येतच नाही. म्हणून बऱ्याच टीम १८-१९ च्याच मुली घेतात. घ्या, काही बिघडत नाही. फक्त शीर्षकात ‘किशोरवयीन’ न लिहिता ‘१८ व १९ वर्षांच्या’ असं लिहा.

जे महिने जोखमीचे नव्हतेच ते मोजणं

प्रत्येक मुलीचे बाराही महिने हिशेबात धरले की साधन फार उत्तम दिसतं. पण या वयात संबंध सलग नसतात. नवरा तुर्भ्याच्या कारखान्यात आणि बायको गावी. मुलगी सातव्या महिन्यात माहेरी गेली ती बाळ चार महिन्यांचं झाल्यावर परतली. अविवाहित मुलीचा मित्राशी संबंध दोन महिने आला, मग भांडण झालं. या रिकाम्या महिन्यांत गोळी घेतली काय किंवा न घेतली काय, दिवस जाणारच नव्हते.

बाळंतिणीचा तर खास मामला. बाळ फक्त अंगावर पीत असेल, पाळी परत आली नसेल आणि बाळाला सहा महिने झाले नसतील, तर नुसत्या स्तनपानानेच सुमारे ९८ टक्के संरक्षण मिळतं. त्या काळात छाया (आठवड्याच्या हिशेबाने घ्यायची सरकारी गोळी) किंवा निरोध सुरू केलेल्या मुलीला दिवस गेले नाहीत, याचं श्रेय साधनाला देणं म्हणजे फुकटचा नफा. प्रत्येक महिन्यापुढे तीन खुणा करायच्या: संबंध आला का, पाळी येत होती का, अंगावर पाजत होती का. पाजणाऱ्यांचे महिने वेगळे काढून हिशेब दोनदा करायचा.

किती काळ पाहिलं हे लपवणारा निर्देशांक

पर्ल निर्देशांक १९३३ पासून चालत आला आहे. गर्भधारणांची संख्या गुणिले १२००, भागिले एकूण महिने. सोपा आहे म्हणून सगळे वापरतात. कच्चा कुठे आहे ते एका काल्पनिक उदाहरणात पाहू.

१०० मुलींनी गोळ्या सुरू केल्या. पहिल्या सहा महिन्यांत ८ जणींना दिवस गेले आणि ४० जणींनी गोळ्या सोडल्या. सोयीसाठी धरा की सगळ्या सहाव्या महिन्याच्या शेवटी बाहेर पडल्या. म्हणजे ६०० महिने, ८ गर्भधारणा, निर्देशांक १६. उरलेल्या ५२ जणींना आणखी १८ महिने पाहिलं, त्यांत शेवटी शेवटी २ गर्भधारणा झाल्या. आता एकूण महिने १५३६, गर्भधारणा १०, निर्देशांक ७.८. त्याच मुली, त्याच गोळ्या, आणि अपयश निम्म्यावर! झालं एवढंच, की विसरणाऱ्या आणि ज्यांना चटकन दिवस जातात अशा मुली लवकर बाहेर पडल्या, आणि नंतरचे शांत महिने सगळ्यांच्या नावावर जमा झाले. दोन वर्षं पाहणारी संस्था सहा महिने पाहणाऱ्या संस्थेपेक्षा आपोआप यशस्वी ठरते.

यावर उपाय जीवनसारणीचा. प्रत्येक महिन्याच्या सुरुवातीला साधन वापरत असलेल्या मुली किती, त्यांपैकी त्या महिन्यात किती जणींना दिवस गेले, हे महिन्या-महिन्याने काढायचं. ‘दिवस न जाण्याची’ शक्यता महिन्यागणिक गुणत जायची आणि १२ महिन्यांअखेरचा आकडा द्यायचा. साध्या एक्सेलमध्ये होतं. ते जमत नसेल तर निदान पर्ल निर्देशांकाशेजारी ‘किती महिने पाहिलं’ हे तरी लिहा.

अपयश चुकीच्या साधनाच्या खात्यावर

केंद्रात आली तेव्हा मुलगी काय वापरत होती यावर जाऊ नका. गर्भ राहिला त्या आठवड्यात काय वापरत होती ते महत्त्वाचं. समजा एका मुलीला १० जूनला ‘अंतरा’ हे सरकारी केंद्रातलं तीन महिन्यांचं इंजेक्शन दिलं. ६ ऑगस्टच्या सोनोग्राफीत १२ आठवड्यांचा गर्भ दिसला. आठवडे शेवटच्या पाळीपासून मोजतात, म्हणजे पाळी १४ मेच्या सुमारास आली आणि गर्भ राहिला तो त्यानंतर सुमारे दोन आठवड्यांनी, २८ मेच्या आसपास. सोनोग्राफीच्या तारखेत काही दिवसांचा फरक धरला तरी इंजेक्शन दिलं तेव्हा गर्भ आधीच राहिलेला होता. हे अंतराचं अपयश नाही. चूक झाली ती इंजेक्शन देण्याआधीच्या तपासणीत, आणि तिची वेगळी नोंद हवी.

उलटही घडतं. गोळ्या संपल्या, आशाताई सुट्टीवर, पुढचं पाकीट मिळायला वेळ लागला आणि त्यात दिवस गेले. नोंदीत ‘साधन बंद केल्यावर गर्भधारणा’ असं येतं आणि गोळ्यांच्या हिशेबातून ती मुलगी वजा होते. तिच्या दृष्टीने मात्र ती गोळ्यांवरच होती. असे खंड एका महिन्याच्या आतले असतील तर ते साधनाच्या नेहमीच्या वापरातच धरावेत, असं माझं मत आहे. कमीत कमी दोन्ही तऱ्हांनी आकडा काढून दाखवावा.

अंतरात आणखी एक खोच आहे. शेवटच्या इंजेक्शननंतर गर्भ राहायला इतर साधनं सोडणाऱ्यांपेक्षा सरासरी चार महिने जास्त लागतात. म्हणजे दुसरा डोस चुकवलेल्या मुलीला लगेच दिवस जात नाहीत. वर्षभराचा अभ्यास संपतो आणि अहवालात ‘डोस चुकले तरी परिणाम टिकून’ असं लिहिलं जातं. तिची गोष्ट पुढच्या वर्षी घडते, तेव्हा बघायला कुणी नसतं.

वापराचे प्रश्न साधन न ओळखता विचारणं

‘काल गोळी घेतली का?’ हा प्रश्न माला-एन ही रोजची गोळी वापरणारीला योग्य आहे. छाया वापरणारीला नाही. छाया पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि पुढे आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. ती प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणते आणि तुमच्या तक्त्यात ‘अनियमित’ ठरते. माला-एनच्या पाकिटातही २१ गोळ्या संप्रेरकांच्या आणि ७ लोहाच्या. लोहाची गोळी विसरल्याने संरक्षण जात नाही, पण ती ‘चुकलेली गोळी’ म्हणून मोजली जाते. सिस्टरना हे सगळं माहीत असतं. प्रश्नावली करणाऱ्याने फॉर्म छापण्याआधी एकदा त्यांना दाखवला तर अर्ध्या चुका तिथेच निघतील.

‘कुठलं साधन वापरता?’ यावर ‘काहीच नाही’ असं उत्तर आलं तर थांबू नका. ‘आम्ही सांभाळून राहतो’, ‘तारखा पाळतो’, ‘नवरा काळजी घेतो’ ही उत्तरं म्हणजे बाहेर वीर्यपात किंवा सुरक्षित दिवस. ही जोडपी ‘काहीच न वापरणाऱ्यां’त गेली की तुलनेचा पायाच ढासळतो, कारण काही न वापरणाऱ्या गटात अचानक गर्भधारणा कमी दिसू लागतात. मुलगे आणि तरुण नवरे यांना तर कुणी विचारतच नाही. निरोध विकत घेणारे ते, वापरणारे ते, फॉर्म मात्र मुलीचा.

आणि सांगितलेल्यावर किती विसंबायचं? अमेरिकेत कृष्णवर्णीय किशोरवयीन आणि तरुण मुलींच्या एका अभ्यासात, गेल्या १४ दिवसांत प्रत्येक वेळी निरोध वापरला असं सांगणाऱ्यांपैकी सुमारे एक तृतीयांश मुलींच्या योनीच्या नमुन्यात पुरुषी गुणसूत्राचा अंश सापडला. गोळ्यांच्या डबीत चिप बसवून केलेल्या अभ्यासातही वहीत नोंदलेल्या चुकांपेक्षा डबीने पकडलेल्या चुका पुष्कळ जास्त होत्या. आपल्याकडे अशी यंत्रं कुणी देणार नाही. पण पाकीट आणायला सांगून उरलेल्या गोळ्या मोजता येतात आणि ‘नेहमी वापरता का’ ऐवजी ‘मागच्या वेळी काय वापरलं, त्याच्या आधीच्या वेळी काय’ असं विचारता येतं.

गर्भपात न मोजणं

हे सगळ्यांत मोठं भगदाड. २०१५ साली भारतात अंदाजे १ कोटी ५६ लाख गर्भपात झाले, असा अंदाज २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातले सुमारे ७३ टक्के आरोग्य संस्थांच्या बाहेर, गोळ्या घेऊन. दवाखान्यांत झालेले जेमतेम २२ टक्के. म्हणजे पालिकेच्या रुग्णालयातल्या नोंदवहीवरून अपयशं मोजणारा माणूस चार-पाच गोष्टींतली फार तर एक बघतो. मुलीला मेडिकलमधून गोळ्या आणून दिल्या जातात, रक्त जातं, घरात ‘पाळी लांबली होती’ असं सांगितलं जातं, आणि तुमच्या फॉर्मवर ‘गर्भधारणा: नाही’.

नोंदवहीतल्या कारणांवरही जाऊ नका. १९७१ च्या गर्भपात कायद्यात ‘गर्भनिरोधक निकामी ठरणं’ हे कारण विवाहित स्त्रीपुरतं होतं. २०२१ च्या दुरुस्तीने ते कोणत्याही स्त्रीला आणि तिच्या जोडीदाराला लागू झालं, २० आठवड्यांपर्यंत. कायद्यातलं सोयीचं कारण असल्यामुळे ते रकान्यात लिहिलं जाणं साहजिक आहे. मुलीने खरोखर काही वापरलं होतं का, हे त्यातून सिद्ध होत नाही. आणि २०२१ आधीच्या व नंतरच्या आकड्यांची तुलना करून ‘अविवाहित मुलींमध्ये साधनं निकामी ठरण्याचं प्रमाण वाढलं’ असं म्हटलंत, तर तुम्ही कायद्यातला बदल मोजलेला असतो.

करायचं काय? दर भेटीला लघवीची चाचणी, मुलीच्या संमतीने. बाकी काही परवडलं नाही तरी एवढं करावंच. मुलाखत तिच्या घरात घेऊ नका. दिघा-तुर्भ्याच्या वस्त्यांत एका खोलीत सहा माणसं असतात, नणंद दारात उभी असते आणि पाण्याची वेळ झाली की मुलगी उठून जाते. मोबाइलवर कानात इअरफोन घालून ऐकायची आणि पडद्याला बोट लावून उत्तर द्यायची प्रश्नावली केली, तर विचारणाऱ्या ताईच्या तोंडाकडे बघायची वेळ येत नाही. या भागात ती मराठीइतकीच हिंदीतही लागेल. प्रश्नही ‘गर्भपात केला का?’ असा नको. ‘पाळी आणण्यासाठी कधी गोळ्या घेतल्या का?’ असा विचारा. राजस्थान, नायजेरिया अशा ठिकाणी मुलीला स्वतःबद्दल विचारण्यासोबत तिच्या सर्वांत जवळच्या मैत्रिणीबद्दलही विचारून अंदाज काढले गेले आहेत. त्यालाही मर्यादा आहेत, कारण मैत्रिणीलाही सगळं सांगितलेलं नसतं.

हरवलेल्या मुलींना ‘यशस्वी’ धरणं

शहापूर-मुरबाडकडची कातकरी कुटुंबं भाताची कापणी आटोपली, दिवाळी झाली की वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परत येतात. नोव्हेंबर ते मे या काळात पाड्यावर जाऊन ‘मुलगी भेटली नाही’ असा शेरा मारणं म्हणजे वेळापत्रक तुमचं चुकलं. भेटींचे महिने जून ते ऑक्टोबर ठेवा किंवा भट्टी कुठली हे आधीच विचारून ठेवा. शहरातली गळती वेगळी. भाड्याची खोली बदलते, सिमकार्ड बदलतं, आणि गरोदर राहिलेल्या अविवाहित मुलीला गुपचूप गावी पाठवलं जातं. हीच तर आपल्याला मोजायची असते!

तिला वगळून काढलेल्या टक्केवारीला अर्थ नाही. ८० मुलींनी सुरुवात केली, ५० सापडल्या, त्यात १ गरोदर, म्हणून ‘२ टक्के’ असं लिहू नका. हरवलेल्या ३० जणींचं काय झालं असेल याचे दोन-तीन पर्याय धरून आकडा काढा. सापडलेल्यांइतकंच प्रमाण धरलं तर किती, तिप्पट धरलं तर किती. आणि हरवलेल्यांचं वय, लग्न, साधन यांचा तक्ता द्या, म्हणजे वाचणाऱ्याला स्वतः अंदाज बांधता येईल.

महिन्यांची आठवण हाही याच गळतीचा भाग. ‘सहा महिने घेतल्या’, ‘वर्षभर घेतल्या’ अशी गोल उत्तरं येतात. तारखा विचारण्यापेक्षा कॅलेंडरवर सण लावून घ्या. ऐरोली-घणसोलीच्या कोळीवाड्यांत शिमगा, आगोट, नारळी पौर्णिमा, गौरी-गणपती. पाड्यांवर आवणी, कापणी, भट्टीला निघाले तो दिवस. ‘गणपतीत गोळ्या चालू होत्या का?’ याला मुलगी पटकन उत्तर देते.

साधनांची तुलना, जणू मुलींना चिठ्ठ्या टाकून वाटली

तांबीवाल्या मुलींत गर्भधारणा कमी, निरोधवाल्यांत जास्त. हा फरक साधनाचा किती आणि मुलींचा किती? आपल्याकडे तांबी बहुधा एक मूल झालेली, केंद्राशी संबंध असलेली विवाहित मुलगी बसवून घेते. अमेरिकेतल्या सेंट लुईस शहरात ९,२५६ स्त्रियांना २००७ पासून सगळी साधनं मोफत आणि नीट समजावून दिली गेली. गोळ्या, त्वचेवर चिकटवायचा पॅच, योनीत ठेवायची रिंग यांवर वर्षाला १०० स्त्रियांमागे ४.५५ गर्भधारणा झाल्या, तांबी आणि दंडात बसवायच्या इम्प्लांटसारख्या दीर्घकालीन साधनांवर ०.२७. त्यातही २१ वर्षांखालच्या मुलींना गोळ्यांवर दिवस जाण्याचा धोका मोठ्यांच्या जवळपास दुप्पट होता, तर दीर्घकालीन साधनांवर वयाने फरक पडला नाही. हा अभ्यास आवर्जून सांगावा असा, पण तिथेही साधन मुलींनीच निवडलं होतं, आणि मोफत व समुपदेशनासह मिळालं होतं. आपल्या अहवालात त्याचा आधार घेताना या दोन अटी सोबत लिहाव्यात. आपल्या आकड्यांची तुलना करायची तर निदान वय, लग्न आणि आधीचं मूल यांनुसार गट पाडून करावी.

आकडे विचित्र आले तर

शून्य गर्भधारणा आल्या तर पेढे वाटू नका. ६० मुली वर्षभर पाहिल्या आणि एकीलाही दिवस गेले नाहीत, तर खरं प्रमाण शंभरी ५ पर्यंतही असू शकतं. ३ भागिले मुलींची वर्षं, हा ९५ टक्के खात्रीचा ढोबळ नियम. अहवालात ‘०’ सोबत ‘० ते ५’ हे छापा.

नेहमीच्या वापराचा तुमचा आकडा पुस्तकातल्या अचूक वापराच्या आकड्यापेक्षाही कमी आला, तर क्रमाने तपासा. लघवीची चाचणी झाली होती का? किती मुली हरवल्या? अंगावर पाजणाऱ्यांचे महिने किती? बहुतेक वेळा तिसऱ्या प्रश्नाच्या आतच कारण सापडतं.

एखाद्या साधनाचं अपयश फारच जास्त आलं तर गर्भाचे आठवडे आणि साधन सुरू केल्याची तारीख शेजारी शेजारी मांडा. सुरुवातीच्या पहिल्या महिन्यातल्या गर्भधारणा एकगठ्ठा दिसल्या तर त्या बहुधा आधीच राहिलेल्या असतात.

ऐरोलीचा आकडा आणि मुरबाडचा आकडा यांत मोठी तफावत आली तर साधनाकडे नंतर बघा. आधी दोन्हीकडे मुलाखत कुणी घेतली, कुठे घेतली आणि त्या वेळी खोलीत आणखी कोण होतं, हे फॉर्मवर लिहिलेलं आहे का ते बघा. त्यासाठी फॉर्मच्या शेवटी ‘मुलाखतीच्या वेळी जवळ कोण होतं?’ असा एक रकाना ठेवा आणि ‘सासू’, ‘आई’ किंवा ‘नणंद’ अशी खूण असलेले फॉर्म वेगळे काढून हिशेब पुन्हा करा.